ध्रुवाकडील आकाशाचे उष्णतामान

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात टेंभुर्णी हे गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर वसलेले आहे. कुर्डुवाडीची वाट येथे फुटते, पंढरपूरचीही फुटते. त्यामुळे वाहनांची वर्दळ रात्रीही पुरती थांबत नाही. अशा गावी मध्यम लहरींचे रेडिओयंत्र घेऊन कोणी भर दुपारी बसला, तर जवळपासच्या एकदोन केंद्रांपलीकडे त्याला विशेष काही ऐकू यावयाचे नाही. तेच यंत्र दिवेलागणीनंतर तासाभराने लावावे, म्हणजे शेकडो कोस दूरची केंद्रे, कित्येकदा परकी भाषाही, खरखरीतून वर येऊ लागतात. यंत्र तेच, तार तीच. बदललेले असते ते आकाश.

जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटर उंचीवर गेले, की तेथून पुढे कित्येक शे किलोमीटरपर्यंत हवेची स्थिती निराळी असते. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांनी तेथील काही कणांतले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. इलेक्ट्रॉन गमावलेला कण तो आयन. आणि आयनांनी व सुट्या इलेक्ट्रॉनांनी भारलेला हा प्रदेश ते आयनांबर. दिवसा त्याचा सर्वांत खालचा थर मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळल्यावर तो थर विरतो, लहरी वरच्या थरांपर्यंत पोचतात आणि तेथून परावर्तित होऊन खाली उतरतात. टेंभुर्णीच्या श्रोत्याला रात्री भेटणारे दूरचे केंद्र असे छताला थडकून आलेले असते.

हे छत मात्र स्वस्थ नाही. त्याची उंची व घनता केवळ सूर्याच्या उगवण्यामावळण्यावर ठरती, तर शास्त्रज्ञांचे काम पुष्कळच सोपे झाले असते. टेंभुर्णीपासून सुमारे सात हजार किलोमीटरवर, नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे, जेथे हिवाळ्यात ध्रुवप्रकाशाचे हिरवे पडदे हलतात, तेथील आयनांबरात जी विद्युतक्षेत्रे उत्पन्न होतात, त्यांचा हात प्रसंगी काही मिनिटांत महाराष्ट्राच्या आकाशापर्यंत येऊन पोचतो. तिकडे काय घडते हे समजल्यावाचून इकडचा हिशेब पुरा होत नाही.

ही विद्युतक्षेत्रे येतात कोठून? सूर्यापासून विद्युतभारित कणांचा एक वारा अहोरात्र वाहत असतो. त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर. सायकलीच्या चाकावर डायनॅमो टेकला म्हणजे चुंबकाच्या व तारेच्या परस्पर गतीने वीज उत्पन्न होते. त्याच न्यायाने हा वारा पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या कडेने वाहताना विजेचा दाब निर्माण करतो. चुंबकरेषा जणू तारांचे काम करतात आणि तो दाब ध्रुवाकडील आयनांबरावर उतरवतात. ध्रुवटोपीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हा दाब ५० हजार व्होल्टांच्या आसपास असतो, आणि वादळाच्या दिवसांत लाखाच्याही वर जातो. आकडा भयंकर वाटतो, परंतु तो पसरलेला असतो हजारो किलोमीटरांवर. एका किलोमीटरच्या वाट्याला ५० व्होल्ट आले, तर ते तेथील मानाने जोरदार क्षेत्र समजले जाते. घरच्या दिव्याचे २३० व्होल्ट साडेचार किलोमीटरांत ताणून पसरावेत, एवढाच तो जोर. एवढ्याशा जोराने आकाश कसे तापावे, हाच या विषयातील मौजेचा भाग आहे.

साधारण १५० किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की आयनांच्या चालीवर टकरींपेक्षा चुंबकक्षेत्राची सत्ता अधिक चालते. तेथे आयन विद्युतक्षेत्राच्या दिशेने जात नाहीत. ते विद्युतक्षेत्र व चुंबकक्षेत्र या दोहोंशी काटकोनात, म्हणजे आडवे, सरकतात. आणि इलेक्ट्रॉनही त्यांच्याबरोबर त्याच दिशेने सरकतात. किलोमीटरला ५० व्होल्ट असता हा आडवा वेग सेकंदाला सुमारे एक किलोमीटर भरतो. पण आयन तेथे एकटे नाहीत. तीनशे किलोमीटर उंचीवर हजारो साध्या, भाररहित कणांमागे एखादाच आयन असतो. साध्या कणांना विद्युतक्षेत्राची जाणीव नाही. ते आपल्या जागी, आपल्या मंद वाऱ्याने हिंडत असतात. त्यांच्या गर्दीतून आयनांचा लोंढा सेकंदाला एक किलोमीटर वेगाने घुसतो, आणि घर्षण होते.

गिरणीतून नुकतेच दळून आणलेले पीठ हाताला गरम लागते. गिरणीत कोणी विस्तव पेटवलेला नसतो. एक तळी स्थिर, दुसरी फिरती, आणि दोहोंमध्ये धान्य; फिरवण्याला घातलेले श्रमच उष्णता होऊन बाहेर पडतात. आयनांबरात स्थिर तळीचे काम साधी हवा करते, फिरत्या तळीचे काम विद्युतक्षेत्राने हाकललेले आयन करतात. किती तापावयाचे याचा नियमही सोपा आहे. आयनांचा वेग व साध्या हवेचा वेग यांतील फरक घ्यावा, त्याचा वर्ग करावा. वाढलेले उष्णतामान त्या वर्गाच्या प्रमाणात असते. सभोवती ऑक्सिजनचे अणू असता एक किलोमीटरच्या फरकाने आयनांचे उष्णतामान सुमारे ६४० अंशांनी चढते. फरक दुप्पट झाला तर वाढ चौपट, म्हणजे अडीच हजार अंशांवर. तेथील हवेचे नेहमीचे उष्णतामानच हजार अंशांच्या घरात असते हे ध्यानात घेतले, म्हणजे ध्रुवाकडील आयन तीन-चार हजार अंशांपर्यंत का चढतात याचा उलगडा होतो. या उष्णतेने हात भाजणार नाही. हवा इतकी विरळ की भाजण्याइतके कणच अंगावर यावयाचे नाहीत; येथे उष्णतामान म्हणजे कणांच्या धावपळीचे माप एवढेच समजावयाचे.

आता ही धावपळ जमिनीवर बसून मोजावयाची कशी? विमाने टिपणारे रडार धातूच्या मोठ्या पृष्ठावरून परतलेली लहर ओळखते. आयनांबरात धातू नाही, आहेत ते सुटे इलेक्ट्रॉन. एकेक इलेक्ट्रॉन रेडिओलहरीचा अत्यल्प अंश विखुरतो, हे जे. जे. टॉमसन यांनी पूर्वीच सांगून ठेवले होते. १९५८ साली अमेरिकेत विल्यम गॉर्डन यांनी हिशेब करून दाखवले की पुरेसे मोठे रडार उभारले तर या विखुरणाचा प्रतिध्वनी ऐकू येईल. आणि त्याच वर्षी केनेथ बोल्स यांनी तो प्रत्यक्ष ऐकला. रडारच्या झोतात एका वेळी सापडणारे अब्जावधी इलेक्ट्रॉन एकत्र केले, तरी त्यांचे परावर्तक क्षेत्र मोहरीच्या एका दाण्याहून मोठे भरत नाही. तीनशे किलोमीटरवरची मोहरी पाहावयाची, तर डोळाही तसाच हवा. म्हणून या रडारांच्या तबकड्या तीस-तीस मीटर रुंदीच्या असतात आणि त्यांतून निघणारी शक्ती लाखो वॉटांची असते.

बोल्स यांच्या प्रयोगात एक गोष्ट अपेक्षेबाहेरची निघाली, आणि तीच पुढे सर्वांत उपयोगी ठरली. इलेक्ट्रॉन हलके, त्यांची धाव फार मोठी. तेव्हा परतलेल्या लहरींच्या कंपनसंख्या दूरवर विखुरलेल्या असाव्यात असा अंदाज होता. प्रत्यक्षात त्या अगदी अरुंद पट्ट्यात सापडल्या. इलेक्ट्रॉन स्वैर नव्हते. जड आयनांच्या विद्युत आकर्षणाने ते बांधलेले होते, आणि प्रतिध्वनीत आयनांची चाल उमटली होती. म्हणजे लहर विखुरतात इलेक्ट्रॉन, परंतु बातमी मिळते आयनांची. प्रतिध्वनीची एकंदर शक्ती पाहिली की इलेक्ट्रॉनांची घनता कळते. पट्टा किती रुंद आहे त्यावरून आयनांचे उष्णतामान. पट्ट्याच्या मधल्या खळग्याच्या खोलीवरून इलेक्ट्रॉन आयनांहून किती अधिक तापले आहेत ते. आणि सबंध पट्टा वरखाली किती सरकला आहे त्यावरून आयनांचा लोंढा रडारकडे येतो आहे की दूर जातो आहे, व किती वेगाने. सेकंदाला ९३ कोटी कंपनांच्या लहरीत हा सारा मजकूर अवघ्या काही हजार कंपनांच्या फरकात लिहिलेला असतो.

नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे १९८१ साली सुरू झालेले रडार नेमके याच कंपनसंख्येचे. यूरोपातील काही देशांनी १९७५ साली स्थापलेल्या आयस्कॅट या संस्थेचे ते रडार होय. एका ठिकाणाहून पाहिले तर लोंढ्याची केवळ समोरासमोरची गती दिसते, आडवी दिसत नाही. यावर युक्ती अशी केली, की लहर सोडावयाची ट्रॉम्सोहून, आणि तिचा प्रतिध्वनी ट्रॉम्सोसह स्वीडनमधील किरुना व फिनलंडमधील सोडानकिला येथेही एकाच वेळी ऐकावयाचा. तिन्ही ठिकाणांचे कान आकाशातील एकाच बिंदूकडे लावले, म्हणजे वेगाची तिन्ही अंगे हाती येतात. वेग कळला की विद्युतक्षेत्र कळले. एकाच प्रतिध्वनीतून क्षेत्रही मिळाले आणि त्याने उत्पन्न केलेली उष्णताही मिळाली. कारण व कार्य असे एका वेळी, एका जागी मोजावयास मिळणे आकाशशास्त्रात दुर्मीळ आहे. आयस्कॅटचे आणखी एक रडार १९९६ साली स्पिट्सबर्गेन बेटावर चालू झाले. त्याच बेटावर न्यू-ओलसुंड येथे हिमाद्री हे भारताचे संशोधनकेंद्र २००८ साली उघडले गेले. त्याची व्यवस्था गोव्यात वास्को येथे असलेल्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडे आहे.

येथवर गोष्ट सरळ दिसते. खरी अडचण पुढे आहे. घर्षण वेगाने होत नाही, वेगांतील फरकाने होते. विद्युतक्षेत्र तासभर एकाच दिशेने टिकले, तर आयनांच्या सततच्या रेट्याने साधी हवाही हळूहळू त्याच दिशेने वाहू लागते. आयन काही सेकंदांत तापतात. हवेला हलावयास मात्र अर्धा तास, तास, कधी त्याहूनही अधिक लागतो. हवा बरोबर चालू लागली की फरक कमी होतो, आणि क्षेत्र तेवढेच राहूनही आयन थंडावतात. उलट, क्षेत्र एकाएकी नाहीसे झाले तर वेगात आलेली हवा लगेच थांबत नाही. चालू गिरणीचा पट्टा काढला तरी तळी काही काळ फिरत राहते, तशी ती वाहत राहते. तेव्हा नुसते उष्णतामान पाहून क्षेत्राचा अंदाज बांधणारा फसावयाचा. आणि नुसते क्षेत्र पाहून उष्णतेचा अंदाज बांधणाराही तितकाच फसावयाचा.

दुसरी अडचण मापाच्या काठीचीच आहे. प्रतिध्वनीच्या पट्ट्याची रुंदी उष्णतामानाबरोबर आयनांच्या वजनावरही अवलंबून असते. हलके आयन पट्टा रुंद करतात, जड आयन अरुंद. त्यामुळे वर बहुतेक ऑक्सिजनचेच आयन आहेत असे गृहीत धरून हिशेब करावा लागतो. पण आयन वेगाने घुसू लागले की त्यांची नायट्रोजनशी रासायनिक क्रिया जोरात होते, आणि ऑक्सिजनच्या आयनांच्या जागी नायट्रिक ऑक्साइडचे जवळजवळ दुप्पट जड आयन येतात. म्हणजे जी घटना मोजावयाची तीच मापाची काठी बदलून ठेवते. शिवाय हे नवे आयन इलेक्ट्रॉनांना लवकर पकडतात, त्यामुळे त्या जागी आयनांबर विरळ होऊन तेथे खळगा पडतो आणि लहरींचे छत फाटल्यासारखे होते.

क्षेत्र फारच वाढले म्हणजे तर ‘उष्णतामान’ या शब्दाचाच अर्थ डळमळतो. नेहमीच्या वायूत कणांची धावपळ सर्व दिशांना सारखी असते, म्हणून एक आकडा पुरतो. जोराच्या विद्युतक्षेत्रात आयनांची आडवी धावपळ चुंबकरेषेच्या दिशेतील धावपळीहून बरीच अधिक होते. सेंट-मॉरिस व शुंक यांनी १९७० नंतरच्या दशकात हे गणिताने मांडले, आणि पुढच्या दशकात ट्रॉम्सोच्या रडारला त्याच्या खुणा दिसल्या. अशा वेळी रडार रेषेच्या दिशेने पाहील तर एक आकडा देईल, तिरपे पाहील तर दुसरा. दोन्ही खरे, आणि एकटा कोणताही अपुरा.

तिसरी गोष्ट अडचण म्हणण्यापेक्षा चूक म्हणावी, आणि ती पुष्कळ काळ चालली. वरच्या हवेचे गणिती नमुने करणारे लोक विद्युतक्षेत्राची सरासरी घेत. समजा, अर्धा तास क्षेत्र किलोमीटरला ५० व्होल्ट पूर्वेकडे होते व पुढचा अर्धा तास तितकेच पश्चिमेकडे. तासाची सरासरी शून्य, आणि नमुन्याच्या मते उष्णताही शून्य. पण जाते उजवे फिरवले काय किंवा डावे फिरवले काय, पीठ सारखेच गरम होते. वर्गाच्या हिशेबात आधी सरासरी घेणे म्हणजे उष्णता वहीतून खोडून टाकणे होय. कोड्रेस्कू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हे स्पष्ट दाखवून दिले, की क्षेत्राची चंचलता हिशेबात धरली नाही तर ध्रुवाकडील हवेला मिळणारी उष्णता फार कमी भरते.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. आयनांनी घर्षणाने दिलेली उष्णता अखेर साध्या हवेत जाते. हवा फुगते, वर चढते, आणि खालच्या कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहांच्या वाटेत दाट होते. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीने ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटर उंचीवर सोडले. त्या सुमारास चुंबकी वादळ होते, तेही मध्यम प्रतीचे. फुगलेल्या हवेच्या अडथळ्याने त्यांतील ३८ उपग्रह वर चढूच शकले नाहीत; ते खाली येऊन जळाले. मध्यम वादळाने एवढी हानी व्हावी, यावरून उष्णतेचा अंदाज चुकण्याची किंमत कळते.

महाराष्ट्राला या प्रकरणाची ओळख फार जुनी आहे, रडारच्या पुष्कळ आधीची. मुंबईत कुलाबा येथे १८४१ पासून चुंबकसूचीची नोंद ठेवली जात असे. विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर हे काम अलिबागला हलवण्यात आले आणि १९०४ पासून ते तेथे चालू झाले. कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी नानाभाई मूस यांनी १९१० साली छापून काढल्या. कोठलाही गाजावाजा नसलेले, आकड्यांनी भरलेले ते खंड. २००३ साली त्सुरुतानी यांच्यासह मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखिना व अॅलेक्स यांनी कुलाब्याच्या नोंदींतून २ सप्टेंबर १८५९ चा दिवस पुन्हा तपासला. त्या दिवशी, मुंबईत सूर्य वर असताना, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा क्षितिजसमांतर जोर सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली कोसळला आणि थोड्याच वेळात बराचसा सावरला. मे २०२४ च्या मोठ्या वादळात, ज्या रात्री लडाखमधील हानले येथे आकाश लाल झाले, जगभरच्या नोंदींवरून काढलेली घसरण ४०० च्या आसपास होती. त्यावरून त्या १,६०० चे प्रमाण कळावे.

पण वाद येथेच आहे. वादळात पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर विद्युतप्रवाहाचे कडे तयार होते, आणि त्याने सूची खाली येते हे खरे. मात्र ते कडे इतक्या झपाट्याने भरत नाही आणि इतक्या झपाट्याने ओसरतही नाही. म्हणून कित्येकांचे मत असे, की कुलाब्याच्या त्या खोल दरीत ध्रुवाकडून उतरलेल्या विद्युतक्षेत्राचा व आयनांबरातील प्रवाहांचा मोठा वाटा असावा. तसे असेल, तर १८५९ साली कुलाब्याला सूचीकडे टक लावून बसलेल्या माणसांनी ध्रुवाकडील आकाशाचीच नोंद केली, असे म्हणावे लागेल. १८७२ च्या ४ फेब्रुवारीस तर ध्रुवप्रकाश खुद्द मुंबईतून दिसल्याची नोंद आहे.

ध्रुवाकडील क्षेत्र एवढ्या दक्षिणेस येते कसे? एरवी ते येत नाही. पृथ्वीच्या चुंबकी आवरणातील भारित कण आपली मांडणी अशी करून घेतात, की खालच्या अक्षांशांना त्या क्षेत्राची झळ लागू नये. पण ही मांडणी व्हावयास वेळ लागतो. पावसाची सर एकदम आली म्हणजे छत्री उघडेपर्यंत माणूस भिजतो. तसेच ध्रुवावरील क्षेत्र एकाएकी बदलले, की नवी मांडणी होईपर्यंत ते विषुववृत्तापर्यंत झिरपते. सर थांबल्यावरही छत्री उघडीच राहावी, तसे मूळ क्षेत्र गेले तरी मांडणीने उभे केलेले उलट क्षेत्र काही वेळ मागे राहते. पुढे भूचुंबकत्व संस्थेचे संचालक झालेले रस्तोगी यांनी पटेल यांच्यासह १९७५ साली भारताच्या दक्षिणेकडील नोंदींत हा दुसरा प्रकार दाखवला. सौर वाऱ्याचे चुंबकक्षेत्र दक्षिणेकडून एकाएकी उत्तरेकडे वळले, की चुंबकी विषुववृत्तावरील विद्युतक्षेत्र उलटते, असे त्यांना आढळले.

चुंबकी विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे वर उचलले गेलेले आयन चुंबकरेषांवरून उतरून साधारण अहमदाबादच्या बाजूस दाटतात. टेंभुर्णी या दोहोंच्या मधोमध आहे. म्हणून दक्षिणेत क्षेत्र पालटले की टेंभुर्णीवरचे छत वरखाली होते. सूर्यास्तानंतर छत फार उंच उचलले गेले, तर त्याच्या तळाशी विरळ पोकळ्या निर्माण होतात आणि दाट भागातून बुडबुड्यांसारख्या वर चढतात. ध्रुवाकडून झिरपलेले क्षेत्र कधी या बुडबुड्यांना जोर देते, कधी ते उठूच देत नाही. कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने ते आले यावर सारे अवलंबून.

हे बुडबुडे पाहता येतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भूचुंबकत्व संस्थेचे एक रडार आहे. ते खालच्या, ८० ते १०० किलोमीटरांच्या दरम्यानच्या वाऱ्यांची पाहणी करते. त्याच्याच सोबतीला अंधाऱ्या रात्री आकाशाची छायाचित्रे घेणारे कॅमेरे तेथे चालवले गेले आहेत. सुमारे २५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू डोळ्यांना न दिसणाऱ्या मंद तांबड्या प्रकाशाने उजळत असतात. जेथे बुडबुडा, तेथे हा प्रकाश काळवंडतो. छायाचित्रांत उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे एकामागून एक पूर्वेकडे सरकताना दिसतात. टेंभुर्णी कोल्हापूरपासून सरळ रेषेने पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरांवर, तेव्हा तिच्या माथ्यावरचे आकाश या छायाचित्रांच्या ईशान्य बाजूस येते. असा पट्टा माथ्यावरून जात असता उपग्रहांचे संकेत लुकलुकतात, आणि पुणे-सोलापूर रस्त्याने रात्री जाणाऱ्या मालमोटारीतील दिशादर्शक यंत्र गाडीची जागा क्षणभर चुकीची दाखवू शकते.